एस.टी.चा गल्ला आणि मुंबईची खुर्ची

ज्या शेताचा वाटेकरी दर हंगामाला बदलतो त्या शेताचा बांध नीट राहत नाहीं, हें आमच्या कुणबी वाचकांना कोणा पंडितानें येऊन सांगावयास नको. एका सालापुरतें शेत धरलेला मनुष्य गाडीभर शेणखत कशासाठीं टाकील? तो ताली दुरुस्त करीत नाहीं, विहिरीचा गाळ काढीत नाहीं. हातीं लागेल तें पीक झोडून घेतो आणि चालता होतो. त्याला नुसतें वाईट म्हणून भागत नाहीं. पुढच्या सालीं आपण येथें असूं अशी ज्याला खात्री नाहीं, तो पुढच्या सालाची बेगमी करीत नाहीं, एवढाच त्यांतला अर्थ. आमच्या एस.टी.चें, म्हणजे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचें, गेल्या कांहीं वर्षांत असेंच झालें आहे. शेत तुमचें आमचें. वाटेकरी मात्र मुंबईच्या खुर्चीवर बसतो, आणि ती खुर्ची एका जागीं ठरत नाहीं.

नोव्हेंबर २०१९ पासून मोजूं. निवडणुकीचा निकाल लागून पंधरवडा उलटला तरी सरकार बनेना, म्हणून राष्ट्रपति राजवट आली. ती उठली तों २३ तारखेच्या सकाळीं एक सरकार शपथ घेऊन बसलें आणि चार दिवसांत गेलें. २८ तारखेला श्री. उद्धव ठाकरे यांचें सरकार आलें. तें जून २०२२ च्या अखेरीस पडलें व ३० जूनला श्री. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. जुलै २०२३ मध्यें त्यांच्या सरकारांत दुसऱ्या एका फुटलेल्या पक्षाचा गट येऊन मिळाला. पुढें निवडणूक होऊन ५ डिसेंबर २०२४ रोजीं श्री. देवेंद्र फडणवीस यांनीं शपथ घेतली. यांत कोण खरा आणि कोण खोटा हा वाद पारावर वाटेल तितका घाला. आजचा आमचा विषय तो नव्हे. आमचा विषय असा कीं, मुंबईंत खुर्ची हलली म्हणजे तालुक्याच्या आगारांत गल्ला कां हलतो.

महामंडळाच्या अध्यक्षपदाचीच गोष्ट घ्या. सप्टेंबर २०२४ मध्यें आमदार श्री. भरत गोगावले यांना तें पद मिळालें. डिसेंबरांत ते मंत्री झाले आणि पद सुटलें. २०२५ च्या आरंभीं श्री. संजय सेठी या सनदी अधिकाऱ्याकडे तें आलें, आणि त्याच वर्षीं परिवहनमंत्री श्री. प्रताप सरनाईक स्वतः अध्यक्ष झाले. एका वर्षाच्या आंत तीन अध्यक्ष! आमच्या गांवच्या सोसायटीचा चेअरमन जरी एवढ्या वेगानें बदलला तरी खतांच्या गोण्यांचा हिशेब लागत नाहीं. येथें तर हजारों गाड्या आणि ऐंशी हजारांवर नोकर असलेला संसार आहे.

हा संसार उभा कसा राहिला तेंहि थोडें सांगणें जरूर आहे. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात, त्या रस्त्यावर पहिली सरकारी गाडी धांवली. गाडी भरो न भरो, नेमल्या वेळीं सुटेल, ही गोष्ट खेड्यांतल्या माणसाला एस.टी.नें शिकविली. १९५० सालीं मध्यवर्ती सरकारनें मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा केला. त्याच्या २२ व्या कलमाप्रमाणें महामंडळानें आपला कारभार धंद्याच्या तत्त्वांवर चालवावयाचा आहे. त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणें राज्य सरकार महामंडळाला सूचना देऊं शकतें. नोकरभरती, पगार, नफ्याची विल्हेवाट हें सर्व त्यांत येतें. म्हणजे बैल एक आणि कासरे दोघांच्या हातीं. ओढणारा जर एकच असेल आणि तो पांच वर्षें ठाम बसला असेल तर बैल कसाबसा वाट धरतो. पण ओढणाराच वर्षा-दीड वर्षानें बदलूं लागला म्हणजे बैल वाटेंतच उभा राहतो.

प्रथम भाड्याचें पाहूं. एस.टी.ला आपलें भाडें आपल्या मर्जीनें वाढवितां येत नाहीं. त्याला राज्य परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि प्राधिकरण सरकारचें तोंड पाहतें. डिझेल मात्र कोणाची मंजुरी मागत बसत नाहीं, टायरहि नाहीं. डिझेल, टायर, गाडीचा सांगाडा आणि महागाई भत्ता यांच्या दरांवरून भाडें काढण्याचें सूत्र ठरलेलें आहे, परंतु सूत्र कपाटांत आणि किल्ली मंत्र्याच्या खिशांत. ऑक्टोबर २०२१ मध्यें भाडें १७.१७ टक्के वाढलें. त्यानंतरची वाढ २५ जानेवारी २०२५ रोजीं, १४.९५ टक्के. मधलीं सवातीन वर्षें भाडें जागच्या जागीं. त्या सवातीन वर्षांत काय झालें? एक सरकार पडलें, दुसरें आलें, दोन पक्ष फुटले, लोकसभेची निवडणूक झाली, विधानसभेची झाली. दर वर्षीं दिवाळीच्या गर्दींत जी दहा टक्के हंगामी वाढ होत असे, तीहि २०२४ सालीं निवडणुकीच्या तोंडावर रद्द केली. मतें पडलीं २० नोव्हेंबरला. निकाल लागून दोन महिने होतात न होतात तोंच वाढ आली.

आमच्या शाळेंतल्या सातवीच्या पोरानेंहि हें गणित करून पाहावें. सवातीन वर्षांची पंधरा टक्के वाढ वर्षावार वांटली तर दर साल शेकडा चार-साडेचार पडते. शंभराच्या तिकिटाला वर्षाला चार रुपये अधिक द्यावयास मजूर कुरकुरेल, पण देईल. एकदम पंधरा मागितले म्हणजे तो वडापच्या जीपकडे वळतो, आणि एकदां वळलेलें गिऱ्हाईक परत आणणें किती कठीण हें आमच्या शिंपी-चांभार बंधूंना विचारावें. शिवाय मधल्या वर्षांत जो खर्च भाड्यांतून निघाला नाहीं तो गेला कोठें? तो कर्ज झाला, थकबाकी झाला, न बदललेल्या टायरांत गेला. भाडें न वाढविल्यानें गरिबावर उपकार झाला असें ज्यांना वाटतें, त्यांनीं ही दुसरी बाजूहि मोजावी.

आतां सवलती. येथें आम्हांला जपून लिहिलें पाहिजे, कारण आमचा शब्द उलटा फिरवून, हे मास्तर गरिबांच्या सवलतींविरुद्ध आहेत, अशी ओरड करणारे पुष्कळ आहेत. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना एस.टी. फुकट झाली. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धें तिकीट झालें. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. माहेरीं जावयाला, दवाखान्यांत जावयाला, बाजारांत भाजीची पाटी न्यावयाला बाईला घरधन्यापुढें पुरा हात पसरावा लागत नाहीं, हें आम्ही आपल्या डोळ्यांनीं पाहतों. गाड्या भरून वाहूं लागल्या, आणि २०२४ च्या पावसाळ्यांत महामंडळानें एका महिन्याचा नफाहि जाहीर केला.

परंतु दान कोणाच्या पदरचें? कंडक्टर अर्धें तिकीट फाडतो, तेव्हां उरलेलें अर्धें सरकारनें द्यावयाचें असतें. ती रक्कम महामंडळ मागतें, परिवहन खातें पुढें धाडतें आणि अर्थखातें आपल्या सवडीनें, कांहीं कापून, कांहीं लांबवून देतें. वाचकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. २०१९ पासूनच्या ठाकरे, शिंदे व फडणवीस या तिन्ही सरकारांत परिवहन खातें एका पक्षाकडे आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्या पक्षाकडे, असाच संसार राहिला. जाहीर सभेंत सवलत सांगून टाळ्या घेणारा एक, आणि पैसे मोजणारा दुसरा. दुसऱ्याला टाळ्या मिळत नाहींत, मग तो पैसे वेळेवर कशाला मोजील? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावें तसा हा धर्म आहे. एप्रिल २०२५ मध्यें कर्मचाऱ्यांचा मार्चचा पगार वांटावयाचा दिवस आला तेव्हां त्यांच्या हातीं शेकडा ५६ च पडला, उरलेला मागाहून. वहींत उत्पन्न दिसतें तें येणें असतें, आणि येणें दाखवून डिझेल मिळत नाहीं. वाण्याच्या वहींत ज्यांचें नांव चढलेलें आहे त्यांना हा भेद निराळा समजावून द्यावा लागणार नाहीं. त्यांतून वर्षानुवर्षें तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर हेंच सरकार घेत आलें. उजव्या हातानें कर घ्यावयाचा आणि डाव्या हातानें मदत केली म्हणून फोटो काढावयाचा!

पैसा तोकडा पडला म्हणजे पहिला घाव नव्या गाड्यांवर बसतो. गाडी ही भाजी नव्हे, कीं सकाळीं ठरविलें आणि संध्याकाळीं आणली. निविदा, करार, सांगाडा, बांधणी, तपासणी यांत वर्ष-दीड वर्ष सहज जातें, आणि तेवढ्यांत येथें मंत्रिमंडळ बदलतें. १३१० गाड्या भाड्यानें घेण्याचा घाट एका सरकारच्या काळांत घातला गेला. जानेवारी २०२५ मध्यें नव्या मुख्यमंत्र्यांनीं त्याला स्थगिति दिली. दर चढे लावले असा आक्षेप होता. आक्षेप खरा असेल तर स्थगिति योग्यच होती, आणि सरकारी पैशाची राखण झाली म्हणून आम्ही धन्यवादहि देऊं. पण गाड्या तर आल्या नाहींत! ५१५० विजेच्या गाड्यांचा करार २०२३ सालचा. त्या वेळेवर येईनात, म्हणून मे २०२५ मध्यें करार रद्द करण्याची भाषा परिवहनमंत्र्यांना करावी लागली. करोनापूर्वीं अठरा हजारांवर असलेला ताफा २०२४-२५ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास उतरला होता. स्वतःच्या नव्या गाड्या २०२४ च्या अखेरीपासून थोड्याथोड्या येऊं लागल्या, हें खरें. पण जुन्या मोडींत निघण्याचा वेग कांहीं थांबला नाहीं.

जुन्या गाडीचा जमाखर्च कसा असतो पाहा. ती डिझेल अधिक पिते, घाटांत बंद पडते, आगारांत पडून राहते. ड्रायव्हर-कंडक्टरांचा पगार मात्र चालूच असतो. मैल कमी आणि खर्च तितकाच, म्हणून दर मैलाचा तोटा वाढतो. तोटा वाढला म्हणून फेऱ्या कमी करा, असा हुकूम येतो. कोणत्या फेऱ्या? पुण्या-मुंबईच्या नव्हेत, तेथें उत्पन्न आहे. पहिली तुटते ती वाडीवस्तीची मुक्कामी गाडी, जी रात्रीं येऊन मारुतीच्या देवळापाशीं उभी राहते आणि पहाटे पोरांना, दुधाच्या कॅनांना आणि बाजारकरूंना घेऊन निघते.

आम्ही शाळामास्तर आहों म्हणून या एका गोष्टीवर जरा थांबतों. अहिल्याबाई होळकर यांच्या नांवाच्या योजनेखालीं पांचवी ते बारावीच्या खेड्यांतल्या मुलींना एस.टी.चा पास फुकट आहे. इतर विद्यार्थ्यांना पासांत ६६.६७ टक्के सूट आहे. कागदावर याहून उदार व्यवस्था क्वचितच सांपडेल. पण ज्या वाडीची सकाळची फेरी तुटली तेथल्या मुलीनें तो पास काय भिंतीवर चिकटवावा? फेरी बंद झाली म्हणजे मुलाला बाप उधार-उसनवार करून सायकल आणून देतो. मुलीला स्थळें येऊं लागतात. "मास्तर, पांच कोस पोरीला एकटी कशी धाडूं?" हा प्रश्न आम्हांला कितीदां तरी ऐकावा लागला आहे, आणि विचारणारा बाप खोटें बोलत नसतो. महामंडळाच्या ताळेबंदांत तुटलेल्या फेरीनें वाचलेलें डिझेल लिहिलेलें असतें. आठवींतून उठलेल्या मुलीसाठीं त्यांत रकाना नाहीं.

कामगारांच्या बाबतींतहि तोच खेळ झाला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत, जवळजवळ साडेपांच महिने. एस.टी. सरकारांत विलीन करा आणि आम्हांला सरकारी नोकर म्हणा, ही मागणी होती. आंध्रांत १ जानेवारी २०२० पासून तसें केलें आहे, हें त्यांनीं ऐकलेलें. तुटपुंज्या आणि उशिरा मिळणाऱ्या पगारावर संसार करणाऱ्या ड्रायव्हरानें असें म्हटलें यांत नवल काय? त्या वेळच्या विरोधी पक्षाचे आमदार आझाद मैदानांत त्यांच्यामध्यें येऊन बसले, भाषणें झाडलीं. नेमलेल्या समितीनें विलीनीकरण व्यवहार्य नाहीं असा अहवाल दिला; सरकारनें पगारवाढ दिली. शेवटीं मुंबई हायकोर्टानें २२ एप्रिलपर्यंत कामावर जा असें सांगितल्यावर गाड्या सुरू झाल्या. आणखी दोन महिन्यांनीं मैदानांत बसणाऱ्यांचाच पक्ष सत्तेंत आला. विलीनीकरण झालें नाहीं. ज्यांनीं आश्वासन दिलें त्यांना तें अशक्य आहे हें ठाऊक नव्हतें असें आम्ही मानीत नाहीं. दुसऱ्याची खुर्ची हलवावयास कामगाराच्या भाकरीचा उपयोग झाला, इतकेंच. आणि करोनानें आधींच रिकामा केलेला गल्ला संपानें उलटा करून झाडला गेला.

कोणी म्हणेल, स्थिर सरकारें होतीं तेव्हां एस.टी. काय सोन्याच्या चाकांवर धांवत होती? नव्हती. तोट्याचीं वर्षें स्थिर सरकारांच्या काळांतहि होतीं. कारभारांतली गळती, सुट्या भागांची खरेदी, रस्त्यांची दुर्दशा हे रोग जुने आहेत. करोनाचा घाव तर कोणाच्याच हातचा नव्हता, आणि त्या दिवसांत पगारासाठीं सरकारनें पैसे दिले हेंहि नाकारतां येत नाहीं. जून २०२५ मध्यें परिवहनमंत्र्यांनीं श्वेतपत्रिका काढली, त्यांत सांचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखविला आहे. तो सारा या पांचसहा वर्षांतला नव्हे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जुन्या रोगाला पथ्यपाणी लागतें, आणि रोज वैद्य बदलणाऱ्या घरांत पथ्य चालत नाहीं. नवा वैद्य येतो, जुन्याची बाटली फेकतो, आपली पुडी देतो, आणि पुडी संपण्यापूर्वीं तोहि जातो.

मुंबईच्या आमच्या गिरणगांवांतल्या भावांना हाच अनुभव बेस्टचा आला. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं म्युनिसिपालिटीनें ती कंपनी विकत घेतली. जुलै २०१९ मध्यें, विधानसभेच्या निवडणुकीला तीन महिने असतां, कमींत कमी तिकीट पांच रुपयांवर आणलें, आणि मे २०२५ मध्यें तें दहा केलें. मार्च २०२२ मध्यें महापालिकेची मुदत संपली. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्यें. जवळजवळ चार वर्षें नगरसेवक नाहीं, बेस्ट समिति नाहीं, प्रश्न विचारणारा कोणी नाहीं, एक प्रशासक काय तो मालक. त्या अवधींत स्वतःच्या गाड्या घटत घटत कधीं काळच्या चार हजारांवरून हजाराच्याहि खालीं आल्या, आणि ज्या ठेकेदारांच्या गाड्यांवर भिस्त ठेवली त्यांतल्या कांहींनीं मधेंच अंग काढून घेतलें. खुर्ची वारंवार बदलणें जसें वाईट, तशी ती वर्षानुवर्षें रिकामी राहणेंहि वाईट.

तेव्हां मागावयाचें काय? सरकार पडूं नये असा कायदा करतां येत नाहीं, आणि येत असता तरी आम्ही तो मागितला नसता. नालायक सरकार पाडण्याचा हक्क ही गरिबाची मोठी मिळकत आहे. पण सरकार पडलें तरी एस.टी. पडूं नये, एवढी तजवीज करतां येते. सवलतींचे पैसे मागाहून नव्हे, तर दर तिमाहीच्या आरंभीं आगाऊ महामंडळाच्या खात्यांत पडले पाहिजेत, आणि जो मंत्री नवी सवलत जाहीर करील त्यानें त्याच दिवशीं तिची तरतूद दाखविली पाहिजे. भाडें सूत्राप्रमाणें दर वर्षीं ठरल्या तारखेस थोडें वाढावें किंवा डिझेल उतरल्यास थोडें उतरावें; निवडणूक असो वा नसो. महामंडळाचा मुख्य अधिकारी निदान तीन वर्षें जागेवरून हलूं नये. गाड्यांच्या खरेदीचा आराखडा विधिमंडळानें मंजूर करावा, म्हणजे एका मंत्र्यानें घातलेला घाट दुसऱ्यानें मोडतांना कारण सर्वांसमोर द्यावें लागेल. हें पैशाचें काम नाहीं, नुसतें मनाचें आहे, म्हणूनच तें होत नाहीं.

मुंबईला जें करावयाचें तें मुंबईवर सोपवून आपण स्वस्थ बसावें असेंहि नाहीं. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशीं ग्रामसभा भरते. त्या सभेंत ठराव करून आपल्या आगाराच्या व्यवस्थापकाला दोन प्रश्न लेखी विचारावे: गेल्या वर्षांत आमच्या गांवाच्या किती फेऱ्या रद्द झाल्या व कोणत्या कारणानें, आणि आमच्या आगारांतून दिलेल्या सवलतींचें सरकारकडून किती येणें राहिलें आहे. बायकांनीं या सभेला मुद्दाम जावें, कारण अर्ध्या तिकिटाचा हिशेब त्यांचा आहे. उत्तर न आल्यास हेच दोन प्रश्न माहितीच्या अधिकाराच्या अर्जांत घालावे. अर्जाची फी दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्या घराला तीहि नाहीं, आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. अर्ज लिहितां येत नसेल तर गांवच्या मास्तराकडे जावें. तो लिहून देईल.